खात्यातलं बोलणं

“बाप असावा तर असा,” असं आमच्या चाळीतल्या बायका नळावर म्हणायच्या. “पोरीची वेणी घालतो, डबा भरतो, शाळेत सोडायला जातो. नायतर आमचे बघा, संप लागल्यापासून नुसते लोळतायत.” मग माझ्याकडे वळून, “नशीब काढलंस हां पोरी!” मला असा राग यायचा की भरलेली कळशी तिथंच आपटावी. तो चांगला बाप मी कसा मिळवला होता ते त्यांना काय डोंबल ठाऊक! ते मला ठाऊक होतं आणि बाबांना. आणखी एकीलाही ठाऊक होतं, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही कधी कधी वाटतं.

आम्ही जोगेश्वरीला राहायचो, पूर्वेला, लेण्यांच्या वरच्या अंगाला बैठी चाळ होती तिथं. एक खोली, माणसं तीन. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. साचे म्हणजे माग. असे चार साचे ते एकटे सांभाळायचे. त्या खात्यात आवाज इतका, की कानाला तोंड लावून बोंबललं तरी ऐकू येणार नाही. मग माणसं बोलायची कशी? ओठांनी. आवाज काढायचाच नाही. ओठ मोठे करून, शब्द चावून चावून म्हणायचा, आणि समोरच्यानं साच्यांच्या चार ओळी पलीकडून तो वाचायचा. विडी मागण्यापासून जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, शिव्या घालण्यापर्यंत सगळं असंच चालायचं. जॉबर पाठमोरा असला की शिव्या अगदी मनसोक्त. वीस वर्षांत बाबांचे कान निम्मे गेले. ते तोंडानं बोलायला लागले की चाळभर ऐकू जायचं, म्हणून घरातही ते ओठांनीच बोलायचे. आई वैतागायची. “गिरणीत मुके, घरात मुके. मी काय भिंतीशी बोलू?”

मला मात्र ते येत होतं. कधी शिकले ते आठवत नाही. प, ब, म एकसारखे दिसतात, ते मागच्यापुढच्या शब्दांवरून ओळखायचं, बाकी सोपं असतं. आम्ही त्याला खात्यातलं बोलणं म्हणायचो. मी नळाच्या रांगेत, बाबा दारात, मधे पंचवीस बायका, आणि बाबा मला सांगतायत, “आई तापलीय. काय केलंस गो? जरा उशिरा ये.” कुणाला पत्ता नाही. हसू दाबून दाबून माझं पोट दुखायचं. आईला हे येत नव्हतं, चाळीतले बाकीचे गिरणीवालेही दुसऱ्या खात्यांतले, त्यांनाही येत नव्हतं. अख्ख्या जोगेश्वरीत ही भाषा आम्हा दोघांची होती, आणि माझा सगळा तोरा त्या एका गोष्टीवर होता.

मग संप लागला. तो मोठा संप. आज मिटतो, उद्या मिटतो, असं करत जो कधी मिटलाच नाही तो. आईनं अंधेरीला एका गाळ्यात काम धरलं, बल्ब खोक्यांत भरायचं. सकाळी सहाला निघायची. मी तेव्हा पाचवीत होते. बाबा दिवसभर घरी. मोठ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि मला मात्र सोन्याहून पिवळं झालं होतं. तोवर बाबा म्हणजे पाळीचा माणूस, कधी झोपलेला, कधी चपला घालून निघालेला. आता ते सबंध माझे, असं मी धरून चालले होते.

महिनाभर गेला असेल. शाळा सकाळची. साडेबाराला सुटली की पावणेएकला घरी. आमच्याकडे दुपारी बारा ते एक ही वेळ वाईट मानतात, गावाला त्या वेळेला पोरांना घराबाहेर सोडत नाहीत. त्या दिवशी चाळीत सगळं सामसूम होतं. आमचं दार उघडं होतं. बाबा भिंतीला टेकून बसलेले, आणि त्यांच्या समोर पाट मांडलेला. पाटावर कुणी नाही. पाटापुढे वाटी, वाटीत भात आणि माशाची कढी. बाबांचे ओठ हलत होते. मी सवयीनं वाचलं. “हळू जेव. सांडू नको. थांब, काटो काढतंय.”

मला वाटलं, मी आलेली बघून थट्टा चाललीय. मी म्हटलं, “मी काय कुकुलं बाळ आहे?” ते त्यांना ऐकू गेलंच नाही. मी दप्तर टाकलं तेव्हा त्यांनी मान वळवली. आणि एखादी परकी पोर चुकून आमच्या घरात शिरलीय, अशा नजरेनं ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “इलंस? हातपाय धू.” मी मोरीवरून आले तोवर वाटीतला भात मागे कावळ्यांना घातलेला होता. पाट होता तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम जाऊन पाटावर फतकल मारली.

“थयसून उठ!” बाबा ओरडले. तोंडानं, आवाजानं. शेजारची बाई बघायला आली. मी उठले. मला रडू नाही आलं, माझ्या अंगावर काटा आला. कारण ओरडून झाल्यावर बाबांनी पाट हातानं पुसला, पाटाकडे बघून हसले, आणि ओठांनीच म्हणाले, “बस, बस. गेली ती.”

तेव्हापासून मी त्यांच्यावर पाळत ठेवायला लागले. बाबा चालताना डावा हात अंगापासून थोडा लांब धरायचे. बोटं मिटलेली, एक बोट तेवढं पुढे. लहान पोराला धरायला देतात तसं. आणि एवढा ढांगा टाकणारा माणूस, पण पावलं आखूड टाकायला लागला होता. मधेच थांबायचे. पुन्हा चालायचे. एका रविवारी आई चादरी धूत बसली होती आणि बाबा भर दुपारी बाहेर पडले. मी मागून गेले.

ते लेण्यांत उतरले. आमच्या घरांच्या बरोबर खाली ती लेणी. आत देवीपाशी सकाळी माणसं असतात, दुपारी चिटपाखरू नसतं. वटवाघळांचा वास, ओल, आणि मधल्या उघड्या चौकात साचलेलं हिरवं पाणी. बाबा त्या पाण्यापासून चार हातांवर थांबले. हात तसाच. मग खाली बघून बोलायला लागले, आपल्या गुडघ्याच्या जरा वर, एवढ्याशा उंचीकडे बघून. मी खांबाआड होते. मला त्यांचं अर्धंच तोंड दिसत होतं, तरी वाचता आलं. “पाण्याकडे जाव नको. बोट सोडू नको. मी आसंय ना हय. आता मी खंयच जानय नाय.”

तेवढ्यात पाण्यावर एक वर्तुळ उठलं, अगदी काठाशी. वरून थेंब पडला असेल म्हणून मी वर बघितलं. वर छप्पर नव्हतं, कोरडं आभाळ होतं. मी जी धूम ठोकली ती घरी येऊन थांबले.

“आई, बाबा कुणाशी बोलतात?”

आईनं हातातली चादर पिळली, बादलीत टाकली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. “बोलतात होय?” म्हणाली. मग तिनं मला बसवलं आणि सांगितलं. माझ्या आधी एक झाली होती. तीन वर्षांची. तेव्हा आई गावाला आणि बाबा इथं, गाववाल्यांच्या खोलीत. भर दुपारी पोर विहिरीत पडली. तार खोलीवर आली. खोलीतला एक जण त्याच गिरणीत दुसऱ्या पाळीला निघाला होता, तो तार घेऊन पळत खात्यात गेला. साच्यांचा गोंगाट चाललेला. तो दाराशी उभा राहिला आणि तिथूनच, चार ओळी पलीकडून, ओठांनी म्हणाला, “तुझी पोर गेली.” बाबांनी वाचलं. त्याच वेळी त्यांच्या साच्यावर धागा तुटला होता. त्यांनी आधी धागा जोडला. साचा चालू केला. आणि मग खाली बसले.

“माजा चेडू, माजी पोर गेली आणि मी धागो जोडीत रवलंय, असं अजून म्हणतात,” आई म्हणाली. “किती सांगितलं. हाताला सवय असते, हात आपलं काम करून मोकळे होतात. त्यांना पटत नाही.” तिनं ओले हात पदराला पुसले. “खात्यात ते तिच्याशी बोलायचे, हे मला ठाऊक होतं. बरोबरचे सांगायचे. तिथं सगळ्यांचेच ओठ हलतात, कोण बघतंय? इतकी वर्षं ती तिथंच होती. आता गिरणीला टाळं लागलं. मग ती कुठे जाईल? आली घरी.”

“आई! खरंच?”

“मला काय दिसते थोडीच,” आई म्हणाली आणि पुढची चादर उचलली. “पण सकाळी निघताना पाट मीच मांडून जाते.”

मला दया यायला हवी होती. नाही आली. खोटं कशाला सांगू? मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त माझा जळफळाट झाला. मेली ती मेली आणि वर माझे बाबा घेऊन बसली! बाबा आता मला दारातून हसवत नव्हते. नळावर उभी राहून मी त्यांच्या तोंडाकडे बघायची, तर त्यांचं लक्ष दुसरीकडेच, खाली कुठेतरी. खात्यातलं बोलणं माझं होतं, ते तिला कुणी दिलं? बाबांनी माझ्याकडे एकदा बघावं आणि त्या नजरेत दुसरं कुणी नसावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी काय वाट्टेल ते केलं असतं.

आई सहाला जायची म्हणून माझ्या वेण्या बाबा घालायचे. साचेवाल्याचे हात ते, गाठ अशी बसायची की संध्याकाळपर्यंत केस हलायचा नाही. शाळेत दोन वेण्या आणि दोन्हींना लाल रिबिनी, हे सक्तीचं होतं. एका सकाळी त्यांनी पहिली वेणी घालून रिबीन बांधली. दुसरी घातली, तिला नुसतं रबर लावलं. मी रिबिनीची वाट बघत बसलेय. वळून बघते तर बाबा पाटापुढे बसलेले, आणि त्यांचे हात हवेत चाललेले. तीन पेड, एकावर एक, एवढ्याशा डोक्याच्या मागे. मग त्यांनी रिबिनीचं फूल बांधलं आणि हात काढून घेतला. फूल लगेच पडलं नाही. किती वेळ तसं राहिलं ते मला सांगता येणार नाही, बघवलं नाही म्हणून मी दप्तर उचलून पळाले. शाळेत बाईंनी एका रिबिनीबद्दल हातावर पट्टी दिली आणि तासभर वर्गापुढे उभं केलं.

दुपारी मी तणतणत घरी आले. बाबा दाराकडे पाठ करून दाढी करत होते, भिंतीवरच्या आरशात बघून. म्हटलं बरं झालं, त्यांचं लक्ष नाही. पाटावर लाल रिबीन होती. मी पाटापुढे उकिडवी बसले. मोठ्यानं बोलले असते तर चाळीनं ऐकलं असतं, आणि तिला कळतं ते खात्यातलं बोलणंच, असा माझा हिशेब. ओठ मोठे केले आणि एकेक शब्द चावून म्हटलं, “तू मेलीस. बाबा माझे आहेत. जा. परत येऊ नकोस.”

रिबीन उचलली आणि वर बघितलं. आरशात बाबांचे डोळे होते. एका गालाला साबण, वस्तरा तसाच वर धरलेला, आणि डोळे थेट माझ्या तोंडावर.

चार ओळी पलीकडून वाचणारा माणूस तो. आणि मी मूर्ख, त्यांच्यापासून लपवायचं ते ओठांनी बोलले! तोंडानं, हळू आवाजात बोलले असते, तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. आमच्या घरात गुपित सांगायचं तर आवाजानंच सांगायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट, ती तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही.

बाबांनी राहिलेली दाढी उरकली, तोंड धुतलं, वस्तरा पुसून फळीवर ठेवला. मग त्यांनी पाट उचलला आणि खाटेखाली आत सरकवला. दाराशी गेले. दार अर्धं उघडं होतं, ते त्यांनी पूर्ण उघडलं आणि अंग चोरून बाजूला उभे राहिले. कुणाला तरी बाहेर जायला वाट करून देत होते. नंतर त्यांनी दार लोटलं आणि कडी घातली. भर दुपारी चाळीत कुणी कडी घालत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही वेण्यांना रिबिनी होत्या. आणि त्या दिवसापासून बाबा असे काही बदलले की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. मला शाळेत सोडायला यायचे. माझ्याशी तोंडानं बोलायचे, मोठ्यानं, चाळभर ऐकू जाईल असं. “आज काय शिकवलान? गणित येता मा?” संप मिटण्याची आशा सोडून त्यांनी दिंडोशीला नवीन वसाहतीत वॉचमनची नोकरी धरली. शाळेच्या गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे, ऐकू काही येत नसताना. दहावीच्या परीक्षेला शाळेबाहेर लिंबाचं सरबत घेऊन तीन तास उन्हात उभे. बायका बोलल्या त्या ह्याच बाबांबद्दल. बाप असावा तर असा.

मी जिंकले होते ना! मग मला सुख का लागत नव्हतं? चालताना त्यांचा डावा हात आता खिशात असायचा. घट्ट. आणि खात्यातलं बोलणं त्यांनी बंद केलं. माझ्याशीसुद्धा. मी नळावरून ओठ हलवून काही म्हणाले की ते मान फिरवायचे, आणि घरी आल्यावर सांगायचे, “मोठ्यान बोल गो. माका आयकाक येना नाय.” मला तिची भाषा हिसकावून घ्यायची होती. ती माझीही गेली. हातचं सोडून पळत्यापाठी, म्हणतात ना, तसं झालं.

आणखी एक सांगते. अधूनमधून, मी शाळेतून आल्यावर, दुपारी एक वाजायच्या आत, दारावर टकटक व्हायची. खाली, गुडघ्याच्या उंचीवर. कुत्रं असेल. मांजर असेल. बाबांना ऐकू यायचं नाही, मला यायचं. मी कधी उघडलं नाही.

मी बारावीत गेले आणि बाबांनी अंथरूण धरलं. गिरणीतलं सूत छातीत जाऊन बसलं होतं, नोकरी सुटली तरी ते थोडंच सुटतं. बोलायला दम पुरेना. तरी माझ्याशी ओठांनी बोलले नाहीत ते नाहीतच. पाणी हवं तर पेल्याकडे बोट दाखवायचे, मला हाक मारायची तर खाटेच्या लोखंडी पट्टीवर बोट वाजवायचे. आई गाळ्यात, मी सकाळचं कॉलेज करून दुपारी त्यांच्याजवळ. त्या दिवशी मी स्टुलावर पुस्तक घेऊन बसले होते. दार लोटलेलं. सहज वर बघितलं तर बाबा दाराकडे, दाराच्या खालच्या अंगाला बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. सात वर्षं मी काही वाचलं नव्हतं, पण विसरले नव्हते.

“थांब गो बाय. धाकटी बसलीहा हय. ती रागावता. ती गेली काय मग ये.”

माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. सात वर्षं! सात वर्षं ह्या माणसानं आपल्या तीन वर्षांच्या पोरीला दाराबाहेर उन्हात उभं केलं होतं, माझा चांगला बाप व्हायचं म्हणून. आणि रोज तिला समजावत होता. मला माझी अशी शरम वाटली की काय सांगू. रडत रडतच मी खाटेखाली वाकले. पाट मागे भिंतीशी होता, जळमटांत. ओढून काढला, ओढणीनं पुसला, खाटेसमोर मांडला. मग दाराशी गेले आणि दार पूर्ण उघडलं. बाहेर रखरखीत ऊन होतं, ओळीत एक माणूस नव्हतं. मी खाली बघून ओठ मोठे केले. जीभ अडखळत होती, तरी एकेक शब्द नीट चावून म्हटलं, “ये. मी नाही रागावत. आत ये.” आणि अंग चोरून बाजूला उभी राहिले.

माझ्या गुडघ्याजवळून काहीतरी गार आत गेलं. वारा नव्हता.

बाबांची नजर दारापासून पाटापर्यंत हळूहळू सरकत आली आणि तिथं थांबली. त्यांचा डावा हात पांघरुणाबाहेर आला, एक बोट पुढे. ते काय बोलतील ते मला वाचायचं नव्हतं. माझा अधिकारच नव्हता. मी बाहेर पायरीवर पाठ करून बसावं म्हणून निघाले, तोच खाटेच्या पट्टीवर बोट वाजलं. मी वळले. बाबा माझ्याकडे बघत होते. आणि सात वर्षांनी ते माझ्याशी खात्यातलं बोलले, ओठ मोठे करून, मला नीट दिसावं म्हणून सावकाश.

“तू खंय चललंस? हय ये. दोघी बसा.”

मी आत आले, आणि पाटाशेजारी थोडी जागा सोडून जमिनीवर बसले.